सोलापुरातील भाडेकरू आणि भाडेनियंत्रण कायदा

सोलापुरात १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि कामगारांच्या निवाऱ्याचा प्रश्न उद्भवला. पूर्वभागातील विणकर व विडी कामगारांची भाड्याची खोली केवळ निवारा नव्हती. तेथेच माग चाले, तेथेच विड्या वळल्या जात. खोली गेली की रोजगारही डळमळे.

मुंबई भाडेनियंत्रण कायदा, १९४७ याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले. भाडेकरू तरला, परंतु गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करीना. हे गोठवणे कालांतराने अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नमूद केले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वार्षिक ४ टक्के वाढ दिली आणि लेखी कराराच्या नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. करार नोंदलेला नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. तरतूद मोलाची खरी, पण तिचा लाभ न्यायालयाची पायरी चढणाऱ्यासच!

विडी कामगार स्त्रियांनी मात्र वेगळी वाट धरली. गोदावरी परुळेकरांच्या नावाच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेमार्फत कुंभारी येथे उभारलेली दहा हजार घरे २००६ मध्ये त्यांना मिळाली. तेथे भाडेपावतीची जागा मालकीच्या कागदाने घेतली.