खुणा जुळल्या, जागा सापडली का?

इस्लामपूरला घरच्या संगणकावर मी ‘थ्रीडी स्लायसर’ चालवतो. बोस्टनचे ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालय आणि एमआयटी यांच्या सहकार्यातून 1998 साली सुरू झालेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्याचा कोडही खुला आहे. त्यामागची कल्पना मात्र बरीच जुनी. 1908 मध्ये लंडनच्या हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी प्राण्याच्या डोक्यावर धातूची चौकट बसवून मेंदूतल्या बिंदूला तीन मापांचा पत्ता दिला. 1947 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्पीगेल आणि वायसिस यांनी ही पद्धत माणसासाठी वापरली. 1980च्या दशकात चौकटीशिवाय काम होऊ लागले. पुढे अवजाराची जागा कॅमेरा टिपू लागला.

यातले मर्म एकच: स्कॅनवरच्या खुणा रुग्णाच्या अंगावरच्या त्याच खुणांशी जुळवणे. मोजणीदार नकाशावरचे हद्दीचे दगड शेतातल्या दगडांशी जुळवतो, तसेच. सगळे दगड एकाच बांधावर असतील, तर पलीकडच्या बांधाची खात्री कशी द्यावी? 1998 मध्ये फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी गणिताने हेच मांडले: पडद्यावर दिसते ती खुणांपाशी उरलेली चूक, गाठ खुणांपासून लांब असेल, तर तिथली चूक वाढते.

कोड खुला असल्यामुळे हा हिशेब आपल्याकडच्या विद्यार्थ्यालाही प्लास्टिकच्या कवटीवर पडताळता येतो. रुग्णासाठी मात्र स्लायसरला मान्यता नाही. ते संशोधनापुरते आहे, नियम पाळण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची, असे त्याचे कर्तेच सांगतात. मेंदूत दोन मिलिमीटरने वाचाही जाऊ शकते.