बरोट: हिमाचलचं छोटं धरण, थंड पाणी आणि ट्राउट मासा

मे महिन्यात महाराष्ट्रात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अनेकांचे पाय हिमाचलकडे वळतात. शिमला-मनालीची गर्दी नको असलेल्यांच्या यादीत अलीकडे एक नाव दिसू लागलं आहे, ते म्हणजे मंडी जिल्ह्यातलं बरोट. सुमारे १,८०० मीटर उंचीवरचं हे गाव, शेजारी देवदारांचं जंगल, उहल नदीवरचा छोटा जलाशय आणि त्या नदीतला ट्राउट मासा ही इथली ओळख.

जलाशय कसा तयार झाला?

पर्यटनासाठी नाही, तर विजेसाठी. १९२५ मध्ये मंडीचे राजे जोगिंदर सेन आणि ब्रिटिश सरकार यांच्यात ९९ वर्षांचा करार झाला. उहल नदीचं पाणी बरोटला अडवून बोगद्यातून डोंगरापलीकडे न्यायचं आणि खाली जोगिंदरनगरजवळच्या शानन वीजगृहात सोडायचं, अशी ही योजना. डोंगरावर सामान चढवण्यासाठी दोराने ओढली जाणारी ट्रॉली बांधली गेली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वीजनिर्मिती सुरू झाली. कराराची मुदत २०२४ मध्ये संपली आणि प्रकल्प कोणाचा, यावरून पंजाब आणि हिमाचल सर्वोच्च न्यायालयात गेले.

ट्राउट इथला मासा आहे का?

नाही. ब्राऊन ट्राउट मूळचा युरोपातला, तर रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा. गळाने मासे पकडण्याचा शौक असलेल्या ब्रिटिशांनी जहाजातून त्याची अंडी भारतात आणली. १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये हा प्रयोग यशस्वी झाला. पुढे १९०९ पासून कुल्लू खोऱ्यात ट्राउट सोडला गेला. आज बरोटमध्येही ट्राउटचं मत्स्यबीज केंद्र आहे.

ओळख सोपी आहे. रेनबोच्या कुशीवर गुलाबी पट्टा असतो, तर ब्राऊनच्या अंगावर काळे आणि लाल ठिपके असतात.

याची दुसरी बाजूही आहे. हे दोन्ही मासे जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत आहेत. ते स्थानिक माशांची पिल्लं खातात आणि त्यांच्या अन्नात वाटेकरी होतात.

मग तो आपल्या धरणांत का नसतो?

कारण ऑक्सिजन. पाणी जितकं थंड, तितका त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. १० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. ट्राउटला भरपूर ऑक्सिजन लागतो, त्यामुळे १० ते १८ अंशांचं वाहतं पाणी त्याला मानवतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास होऊ लागतो. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी त्याच्यासाठी फारच गरम. हिमालयातले ओढे तापू लागले, तर हा मासा तिथेही अडचणीत येईल.

मासेमारीचे नियम काय?

• मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो. जाळं नाही, फक्त गळ आणि दोरी.
• १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीवर बंदी असते. हा त्याच्या विणीचा काळ. मादी नदीतल्या खडीत खड्डा करून अंडी घालते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात बोटी बंद असतात, त्यामागेही हाच विचार आहे.
• मासा परत सोडायचा असेल, तर हात ओले करून धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगांपासूनचं त्याचं संरक्षण जातं.

ज्यांना गळ टाकायचा नाही, त्यांच्यासाठी इथे नदीकाठची भटकंती आहे, जवळच नारगू अभयारण्य आहे आणि ताटात ट्राउटही मिळू शकतो.

सर्वांत मोठा धोका कोणता?

नदीचं पात्र. वर धरण असलेल्या नदीत आभाळ निरभ्र असतानाही पाणी अचानक वाढू शकतं. ८ जून २०१४ रोजी याच मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. वरच्या जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडण्यात आलं होतं.

म्हणून भोंगा वाजला किंवा पाणी अचानक गढूळ झालं, की सामान तिथेच टाकून काठावर चढावं. पात्रातल्या मधल्या खडकावर सेल्फीसाठी तर जाऊच नये. तो खडक आत्ता कोरडा दिसतो, कारण पाणी वर अडवलेलं आहे.