दोन वर्षं न विकलेला नांगर : सातारा-सांगलीच्या बाजारपेठेतले भागीदार

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलं की कराड स्टेशन येतं, त्याला लागून ओगलेवाडी. पुढे किर्लोस्करवाडी आणि मग भिलवडी. गाडीतून उतरावं असं या स्टेशनांवर फारसं काही दिसत नाही. पण गेल्या शतकात महाराष्ट्रातल्या घरांत आणि शेतांत पोचलेल्या तीन वस्तू, लोखंडी नांगर, कंदील आणि यंत्रावर प्रक्रिया केलेलं दूध, याच रुळांच्या कडेला तयार झाल्या. त्या तिथून दुकानापर्यंत कशा गेल्या, हे आज आपण पाहणार आहोत.

भूगोलाची एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे म्हणतो. १९४९ मध्ये साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी या भागात इंग्रजी मुलूख आणि औंध, सांगली यांसारखी संस्थानं एकमेकांत गुंतलेली होती. हा गुंता आपल्या गोष्टीत कामाला येणार आहे.

गोष्ट मात्र सुरू होते बेळगावात, एका सायकलच्या दुकानात. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवत होते. ते मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. शिकवणीचे १५ रुपये. किर्लोस्कर घराणं आपल्या धंद्याचा आरंभ १८८८ पासून मोजतं, तो हाच.

या दुकानाकडे जरा नीट पाहू. सायकल ही त्या काळची अगदी नवी वस्तू. ती नुसती दुकानात मांडून खपत नाही. घेणाऱ्याला तोल सांभाळायला शिकवावं लागतं, बिघडली तर दुरुस्त करून द्यावी लागते. एक भाऊ माल आणणारा, दुसरा गिऱ्हाइकापाशी उभा राहणारा. नवं तंत्र विकायला ही दोन्ही माणसं लागतात. पुढे नांगराच्या वेळी हाच धडा त्यांना फार मोठ्या प्रमाणावर गिरवावा लागला.

बढतीच्या बाबतीत डावललं गेल्यावर लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली. बेळगावात कडबा कापण्याचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

आज आपण त्या समजुतीला हसतो. पण शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, मोडला की तोच सांधायचा. त्याचा मोबदला सुगीला बलुत्याच्या धान्यात. रोख पैसा लागत नव्हता. लोखंडी नांगराला आधी रोकड मोजायची, आणि फाळ झिजला तर नवा कुठून आणायचा हे कुणी सांगत नाही. शिवाय खोल जाणारा नांगर ओढायला बैलांची एक जोडी पुरत नाही, तीनचार जोड्या लागतात. म्हणजे शेजाऱ्याशी वारंगुळा केल्याशिवाय हा नांगर शेतात चालणारच नाही. शेतकऱ्याच्या नकारामागे हा सगळा हिशेब होता. सगळा धोका एकट्या घेणाऱ्याच्या माथी असेल, तर शहाणा माणूस 'नको'च म्हणतो.

तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जागा हवी झाली आणि किर्लोस्करांना कारखाना हलवावा लागला. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली आणि १० हजार रुपये बिनव्याजी. ३२ एकरांचा तो माळ निवडुंगाने आणि सापांनी भरलेला होता. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. कुंडल हा त्या वेळी औंधचा भाग, आज तो सांगली जिल्ह्यात आहे.

बिनव्याजी कर्जाचा अर्थ काय? ज्याचा माल दोन वर्षं खपत नाही त्याला व्याज सोसत नाही. राजाने इथे काळाचा धोका स्वतःकडे घेतला. दुसरे भागीदार कामातले. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांकडे, ओतकाम आणि इंजिनाची दुरुस्ती शंभूराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकर शाळा सोडून आलेले, ते यंत्रं जुळवण्यात तरबेज झाले. पगारापुरतं काम करणारी ही माणसं नव्हती. धंदा बुडाला असता तर माळावरचं घरदारही त्यासोबत गेलं असतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. परदेशी नांगर येईनासे झाले, मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसाही मिळेना. त्यातून तगून १९२० च्या जानेवारीत किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. भावाभावांच्या आणि सोबत्यांच्या भांडवलात आता भागधारक आले. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं.

मराठी वाचकाला 'किर्लोस्कर' मासिक साहित्यासाठी आठवतं. पण 'खबर'चा जन्म कारखान्याच्या मालासाठी होता. ती विक्रेत्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या हातात जायची. आमच्या मते बाजारपेठेच्या इतिहासात हिचं महत्त्व नांगराइतकंच आहे. तालुक्याच्या गावी नांगर ठेवणाऱ्या दुकानदाराला कारखान्यात काय चाललंय हे कळलं पाहिजे, तो माल त्याला समजावून सांगता आला पाहिजे. नाहीतर त्याच्या दृष्टीने नांगर म्हणजे जागा अडवणारं लोखंड. पुढे १९२९ मध्ये 'खबर' हा शब्द गळला, 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. माल विकण्यासाठी बांधलेली वाट विचार वाहून न्यायला लागली.

आता रुळांवरून थोडं मागे, ओगलेवाडीला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी तिथे काच कारखाना काढला. त्यांनाही औंधचा आधार मिळाला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील आजीआजोबांच्या घरात होता, असं सांगणारे श्रोते आजही इथे असतील. कंदिलाची काच फुटते, वात संपते. ती बाजारच्या दिवशी जवळच्या दुकानात मिळाली तरच कंदील घरात टिकतो. ओगल्यांची वस्तू अशी गावोगावच्या छोट्या दुकानदारांच्या भरवशावर उभी होती. पण वीज आली, कंदील मागे पडला आणि पुढे कारखानाही बंद झाला. भागीदारी चांगली असली म्हणून वस्तूची वेळ संपायची थांबत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

तिसरं स्टेशन भिलवडी. साताऱ्याजवळच्या लिंब गावचे भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये इथे दुग्धव्यवसाय मांडला. १९५० मध्ये पुण्यात चितळे बंधू मिठाईवाले सुरू झालं. भिलवडीला संकलन आणि प्रक्रिया, पुण्यात दुकान, आणि दोन्हीकडे भाऊच. दूध काही दोन वर्षं वाट पाहत नाही, काही तासांत नासतं. दुकानात आज किती खपलं हे भिलवडीला कळलंच पाहिजे. बेळगाव-मुंबईच्या दोन भावांची सायकलीची मांडणी इथे पुन्हा दिसते, फक्त घड्याळ वेगाने धावतं.

या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की एक गोष्ट दिसते. नवं तंत्र बाजारात रुजलं तेव्हा त्याचा धोका वाटून घेतला गेला होता. राजाने व्याज सोडलं, सोबत्यांनी बिऱ्हाड माळावर आणलं, दुकानदाराने माल ठेवला आणि त्याला माहिती मिळाली, शेतकऱ्यांनी बैल एकत्र जुंपले.

पण वाटणीत सगळेच नव्हते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गावच्या सुताराला या भागीदारीत जागा नव्हती. लाकडी नांगर गेला तसं त्याच्या बलुत्याचं मुख्य कारणही गेलं. काही सुतार-लोहारांच्या मुलांना कारखान्यांत काम मिळालं असेल, पण गावातलं त्यांचं स्थान परत आलं नाही. नव्या तंत्राच्या यशोगाथेत हा माणूस सहसा नसतो.

आज साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या पेठेत किराणा दुकानात गेलात तर गल्ल्यावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि काही वर्षांत भाजीच्या गाडीपर्यंत पोचलं. घाऊक माल मोबाइलवरून मागवता येतो. दुकानदाराला सगळ्या कंपन्या 'पार्टनर' म्हणतात. आम्हाला वाटतं, इतिहासातून तीन प्रश्न उचलून या शब्दाला विचारावेत. माल पडून राहिला तर तोटा कुणाचा? यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार? आणि दुकानातल्या विक्रीची खबर कुणाकडे जाते, तिच्यातलं दुकानदाराला काय परत मिळतं? १९२० मध्ये कारखान्याची खबर दुकानाकडे जायची. आता दुकानाची खबर कंपनीकडे जाते.

या तिन्हींची उत्तरं एकाच बाजूला झुकत असतील, तर तो दुकानदार भागीदार नाही, गिऱ्हाईक आहे. आणि त्याने दोन वर्षं 'नको' म्हटलं, तर त्याला अडाणी ठरवण्याआधी नांगर न घेणाऱ्या त्या शेतकऱ्याचा हिशेब आपण आठवावा.

इथे थांबतो. तुमच्या घरात प्रभाकर कंदील असेल किंवा आजोबांनी वारंगुळ्यात नांगर ओढल्याची आठवण असेल, तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.