खाडी थोपवणारी माणसं

पावसाळ्यातल्या उधाणाच्या रात्री गावात कुणाला गाढ झोप लागत नसे, असं आजी सांगायची. आमचं आजोळ उलव्याच्या बाजूचं, खाडीकाठचं. खारजमिनीत भात आणि त्याला खाऱ्या पाण्यापासून राखायला मातीचा बांध. बांध फुटून खांड गेली की हाळी यायची, आणि घरटी एक माणूस कंदील घेऊन धावायचा. खारं पाणी शेतात शिरलं की पुढची पिकंही जायची, म्हणून दुसऱ्याच्या शेतासमोरची खांडसुद्धा आपलीच मानायची. खाडीतल्या निवट्या, चिंबोऱ्या, मिठागरावरची मजुरी हे सगळं तिच्या बोलण्यात यायचं. पण बांधाची गोष्ट आली की ती अंथरुणात उठून बसायची.

त्याच खारजमिनीवर आज नवी मुंबईचा विमानतळ उभा आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने त्यासाठी सुमारे ११६० हेक्टर जागा तयार केली. उलव्याचा डोंगर जवळपास नव्वद मीटर उंच आणि नेमका विमानांच्या वाटेत. सुरुंग लावून तो उतरवला आणि त्याच्याच दगडाने सखल जमीन भरून काढली. उलवे नदीचं पात्र वळवलं, उच्च दाबाच्या वीजवाहिन्या हलवल्या. खाडी थोपवायचं काम जुनंच होतं, हात बदलले. विमानतळाची गरज खोटी नव्हती. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. आणि भोवती शहर दाटलेलं. दोन समांतर धावपट्ट्यांना जागा हवी होती.

ती जागा कुणी दिली, कशी दिली, हे मात्र मामांकडून ऐकावं. सिडको आली १९७० साली, पंचाण्णव गावांच्या जमिनींसाठी. भाव ठरला शेतजमिनीचा आणि उठणार होतं शहर. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांनी त्याविरुद्ध माणसं एकत्र केली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण परिसरात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. मामा तेव्हा ऐन विशीत. फडक्यात भाकऱ्या बांधून निघालेल्या बायका, धूर, चपलांचा खच... इतकं सांगून ते थांबतात. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, आणि विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांच्या वेळी साडेबावीस टक्क्यांची. ही टक्केवारी सरकारी औदार्यातून आलेली नाही. त्या पाच जणांची नावं विमानतळाच्या इतिहासात धावपट्टीच्या लांबीच्या आधी यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. आणि खाडीचं काय? मोबदला सातबारा पाहून ठरतो, आणि त्यावर शेत असतं. निवट्या, चिंबोऱ्या नसतात.

८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. चालवणाऱ्या कंपनीत अदानी समूहाचे ७४ टक्के, सिडकोचे २६. पहिला टप्पा वर्षाला दोन कोटी प्रवाशांचा, शेवटचा नऊ कोटींचा. म्हणजे दुसरी धावपट्टी, आणखी टर्मिनलं, आणखी माणसं. मी हे आकडे मामांना वाचून दाखवले. त्यांनी शेवटचा पुन्हा वाचायला लावला.

"नऊ कोटी," ते म्हणाले. "मंग आमच्या पोरांना आत काम किती, ता पन लिवलाय का त्यान?"

ते कागदात नव्हतं.