शब्दवेध : मज्जा आणि चेता

संस्कृतात ‘मज्जा’ म्हणजे हाडाच्या पोकळीतील स्निग्ध गर. आयुर्वेदाच्या सात धातूंत तिचे स्थान अस्थीनंतरचे. मणक्यांच्या पोकळीतून कमरेपर्यंत उतरणारी, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची मऊ दोरीही हाडातच दडलेली असल्याने ती ‘मज्जारज्जू’, तिच्यातून फुटणाऱ्या तंतूंच्या ३१ जोड्या ‘मज्जातंतू’ आणि मेंदूसह हा सारा पसारा ‘मज्जासंस्था’ म्हणवला गेला. वसई तालुक्यातील चांदीपच्या भातखाचरात लावणी करताना चिखलातला काटा तळव्यात रुतला, तर वेदना जाणवण्याआधीच पाय वर ओढला जातो, कारण त्वचेकडून निघालेला संदेश मेंदूची वाट न पाहता या रज्जूतूनच स्नायूंकडे वळतो. याच घटनेला ‘प्रतिक्षिप्त क्रिया’, म्हणजे उलट फेकली गेलेली क्रिया, असे अतिशय समर्पक नाव आहे. मात्र या कामाशी हाडातल्या गराचा काहीही संबंध नाही, रक्तपेशी घडवणारी अस्थिमज्जा निराळीच आहे, आणि नावाच्या या साम्यामुळे रुग्णाचा व त्याच्या नातेवाइकांचा गोंधळ उडू शकतो. म्हणूनच ‘चित्’, म्हणजे जाणणे, या धातूशी नाते सांगणारा आणि महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांनी स्वीकारलेला ‘चेतासंस्था’ हा शब्द अधिक नेमका आहे. तोच दवाखान्यातही रुळावा.