रोळी, सूप आणि चुंबक : रायपूरच्या मातीतील विलगीकरणाचा इतिहास

रायपूरच्या समता कॉलोनीत एखादे बांधकाम निघाले की दारात नदीच्या वाळूचा ढीग पडतो. त्या वाळूतून चुंबक फिरवला तर त्याला बारीक काळे कण चिकटून येतात. हे कण बहुधा मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे असतात. शालेय पुस्तकातील ‘मिश्रणांचे विलगीकरण’ हा धडा येथे संपतो. या प्रदेशाचा इतिहास मात्र येथून सुरू होतो.

मिसळलेले दोन घन पदार्थ वेगळे करावयाचे तर त्यांच्यातील एखाद्या गुणधर्माचा भेद हाती लागावा लागतो. मराठी स्वयंपाकघराने हे फार पूर्वी ओळखले. डोळ्यांना दिसणाऱ्या भेदावर निवडणे, आकाराच्या भेदावर चाळणे, वाऱ्यापुढील हलके-जडपणावर पाखडणे आणि पाण्यातील घनतेच्या भेदावर रोळणे : प्रत्येक क्रियापदामागे भौतिकशास्त्राचा एक नियम उभा आहे. चुंबकही आपल्याला परका नव्हता. शरीरात रुतलेले लोखंडी शल्य काढण्यासाठी अयस्कांताचा उपयोग सुश्रुतसंहितेत सांगितला आहे.

या ज्ञानावर काही समाजांची उपजीविका चालत आली. महानदीच्या खोऱ्यातील सोनझरा लोक लाकडी पात्रात वाळू धुऊन सोन्याचे कण मिळवीत. महाराष्ट्रातील झारेकरी सराफपेठेतील केर धुऊन तेच करीत. सोन्याची घनता १९.३, तर वाळूतील गारेची २.६५. त्यामुळे पाणी वाळू वाहून नेते आणि सोने तळाशी राहते. सोन्यासोबत मॅग्नेटाइटचे जड काळे कणही उरतात, कारण त्यांची घनता सुमारे ५.२ आहे. पाण्याची मर्यादा येथे संपते. उरलेले काम चुंबक करू शकतो.

लोहखनिजाची कथा याहून मोठी आहे. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहउद्योगावर टिपण प्रसिद्ध केले. तेव्हा दुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १९०६ मध्ये झाला. पुढे जमशेटजी टाटांच्या पोलाद योजनेसाठी दोराबजी टाटा चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे खनिज शोधीत होते. तेथे मनाजोगते साठे न आढळल्याने ते नागपूरला आले आणि तेथील संग्रहालयात, म्हणजे आपल्या ‘अजब बंगल्या’त, मध्य प्रांताच्या भूवैज्ञानिक नकाशावर त्यांना दुर्गकडील लोहसाठ्यांची खूण दिसली. त्या खुणेने त्यांना दल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत नेले. खनिज उत्तम होते, परंतु योग्य कोळसा जवळ नव्हता. कारखाना अखेर साकची येथे, आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला आणि राजहराचे डोंगर अर्धशतक वाट पाहत राहिले.

त्याच काळात अमेरिकेत थॉमस एडिसन हलक्या प्रतीचा खडक दळून चुंबकाने मॅग्नेटाइट वेगळे करण्याच्या खटाटोपात होता. १८८० साली त्याने चुंबकीय विलगकाचे पेटंट घेतले आणि न्यू जर्सीतील प्रकल्पात २० लाख डॉलरांहून अधिक रक्कम घातली. यंत्रे चालली, पण मेसाबी डोंगररांगेतील समृद्ध आणि स्वस्त खनिज बाजारात आल्यावर त्याचा धंदा बुडाला. ते खनिज प्रामुख्याने हेमॅटाइट होते. राजहराचे खनिजही हेमॅटाइटच. ते लोहाने संपन्न असूनही साध्या चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. ‘लोह आहे, म्हणून चुंबक पुरेल’ हा समज या दगडापुढे टिकत नाही.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तिच्यासाठी सुमारे ९० किलोमीटरवरील राजहरातून खनिज येऊ लागले. तेथील हाताने चालणाऱ्या खाणींत स्त्री-पुरुष मजूर दगड फोडीत, निवडीत आणि वाहने भरीत. म्हणून यांत्रिकीकरणाचा प्रश्न आला तेव्हा तो केवळ अभियांत्रिकीचा राहिला नाही. १९७७ नंतर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेने पूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध केला आणि अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. निवडणारे हात काढून टाकले तर त्या हातांनी काय करावे, हा त्यांचा प्रश्न होता. विलगीकरणाची पद्धत ठरविताना पदार्थाचे गुणधर्म पाहिले जातात. माणसांचा हिशेबही त्याच वहीत मांडावा लागतो.

खनिज धुताना बारीक लोहकणही पाण्याबरोबर जातात. दल्लीचा असा गाळ हितकसा येथील बंधाऱ्यात साठत आला. अतितीव्र चुंबकीय क्षेत्रात मात्र हेमॅटाइटचे हे सूक्ष्म कणही ओढले जातात. काल टाकाऊ ठरलेला गाळ त्यामुळे उद्याचा साठा ठरू शकतो आणि नव्या डोंगरावर, त्यावरील जंगलावर घाव घालण्याची निकड तेवढी कमी होते.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेत ‘कोणती पद्धत वापराल?’ असे विचारले जाते. त्याआधी ‘भेद कोणता आहे?’ हे विचारण्याची सवय लावा. रोळीपासून अतितीव्र चुंबकापर्यंतच्या साऱ्या युक्त्या याच एका प्रश्नातून निघाल्या आहेत.