आईचे ताट आणि बाळाचे आयुष्य : सुकडीपासून 'परभणी शक्ती'पर्यंत

१/ परभणीहून गंगाखेडकडे जाताना लागणारे पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या मंदिरासाठी ओळखले जाते. नृसिंह म्हटले की प्रल्हाद आला आणि प्रल्हाद म्हटले की त्याची आई कयाधू. भागवतातील कथेनुसार नारदांनी गर्भवती कयाधूला आश्रय दिला आणि प्रल्हादाने गर्भातच उपदेश ऐकला. माणसाची जडणघडण जन्माआधी सुरू होते, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. तिचे शास्त्रीय मोजमाप महाराष्ट्राच्या खेड्यांत कसे झाले, त्याचा हा इतिहास.

२/ १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यापुढचा प्रश्न सरळ होता : पोट कसे भरावे? दुष्काळी कामांवर स्त्रियांनीही खडी फोडली. सुकडी वाटली गेली, परदेशी लाल मिलो रांधला गेला. भूक म्हणजे रिकामे पोट, ही व्याख्या त्या काळी पुरेशी होती.

३/ २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. सहा वर्षांखालील बालकांबरोबर गर्भवती आणि स्तनदा मातांनाही तिच्यात स्थान होते. प्रत्यक्षात अंगणवाडी म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा खाऊ, असेच चित्र बहुतेकांच्या मनात रुजले. आई आणि तान्हे बाळ मागे पडले.

४/ दरम्यान इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर जुन्या जन्मनोंदी तपासत होते. हर्टफर्डशायरमध्ये १९११ पासूनची बाळांची वजने लिहून ठेवलेली होती. जन्मतः कमी वजनाच्या मुलांमध्ये पुढे हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने वैद्यकविश्वात वाद उभा केला.

५/ पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तोच प्रश्न आपल्या मातीत आणला. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू झाला. स्त्रियांची नोंद गर्भधारणेच्या आधीपासून ठेवली गेली. या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. घरकाम, शेतकाम, पाणी भरणे यांतून त्यांना फारशी उसंत नव्हती.

६/ त्यांच्या बाळांचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. मात्र आपली बाळे केवळ लहान नव्हती. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून, अशी त्यांची ठेवण होती. दिसायला कृश असलेल्या भारतीयांना मधुमेह लवकर का गाठतो, याचा एक धागा येथे हाती आला.

७/ २००१ साली आहाराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आई एकूण किती उष्मांक किंवा प्रथिने घेते, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. पोट भरणे आणि बाळ घडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

८/ याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. आईचे बी-१२ कमी आणि फोलेट अधिक असल्यास सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा रोध सर्वाधिक दिसला. म्हणजे एकच घटक वाढवून भागत नाही. त्यांचा परस्पर तोलही महत्त्वाचा ठरतो.

९/ संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. म्हणून २००६ पासून मुंबईच्या वस्त्यांत 'सरस' प्रकल्पाने पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून दिला. सर्वांचा एकत्र विचार करता जन्मवजनात ठोस फरक पडला नाही. पण किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढले. अतिकृश स्त्रियांना मात्र हा लाभ दिसला नाही, आणि ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज त्याच वंचित राहिल्या.

१०/ शासनाची वाटही याच काळात बदलली. २००५ मध्ये औरंगाबादेतून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. दुसऱ्या टप्प्यात त्याने गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांवर लक्ष केंद्रित केले. राज्यात दोन वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते. २०१२ च्या सर्वेक्षणात ते २३ टक्के नोंदले गेले.

११/ २०१८ साली परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसह 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण आणले. त्यात लोह व जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे. मिलोवर दिवस काढलेल्या प्रदेशाने भाकरीत काय आहे, हा प्रश्न विचारल्याची ती खूण होय.

१२/ तरीही बियाणे अर्धेच काम करते. घरात सर्वांत शेवटी जेवणारी, पातेल्यात उरलेल्यावर भागवणारी सून आणि कोवळ्या वयात लग्न होणारी मुलगी यांच्या ताटात दूध-पालेभाजी पोहोचत नाही, तोवर हजार दिवसांची मोजणी उशिराच सुरू होणार. सहा गावांनी आणि मुंबईच्या वस्त्यांनी शिकवले ते इतकेच : बाळाचे पोषण डोहाळजेवणापासून नव्हे, त्याच्या आईच्या बालपणापासून सुरू होते.